भरतीची दुसरी चावी

१७ नोव्हेंबर २०२४

'भरती'च्या ईमेल यादीवर आज पुन्हा तसंच पत्र. "हे काम कोणी बघतंय का, की बंद पडलं?" लिहिणाऱ्याचं नाव ओळखीचं नाही. दिवाळीनंतर अशी पत्रं वाढली आहेत. सगळ्यांचा सूर एकच. दुरुस्त्या वेळेवर येत नाहीत, सांभाळणारी दमलेली दिसते, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. सांभाळणारी दमलेली आहे हे खोटं नाही.

अजेयचा पुण्याहून फोन. "अगं, पण तू नक्की करतेस काय, एकदा नीट सांग." सख्खा भाऊ आणि अजून त्याला माहीत नाही. सांगितलं. खाडीचं पाणी मोजणारा एक छोटा बोर्ड असतो. त्याचे आराखडे मी उघडे ठेवलेत, कोणीही बनवून घ्यावा. त्यावर लिनक्स चालतं आणि लिनक्सवर माझा प्रोग्रॅम, 'भरती'. पाणी चढलं की तो कळवतो, भोंगा वाजवतो. वादळात दिवेआगरची वाडी आडवी झाली तेव्हा पाणी कुठवर आलंय हे कुणालाच कळत नव्हतं, म्हणून इथल्या खाडीवरच्या साकवासाठी, छोट्या पुलासाठी लिहिला. फुकट आणि उघडा ठेवला तर लोकांनी उचलला. आता कुठल्या कुठल्या नद्यांवर, धरणांखाली बसलाय.

"आणि बघतं कोण?"

"मी."

"एकटी? मग कुणाला तरी सोबत घे की."

"कुणाला?"

त्याला दुसरा फोन येत होता.

शेजारची केसर कुंपणापलीकडून हाक मारून गेली. नारळ काढायला माणूस आलाय, तुझ्याही झाडांचे काढू काय, म्हणून. नंतर बघू म्हटलं.

२६ नोव्हेंबर

रेन नावाच्या कुणीतरी एक दुरुस्ती पाठवली. बोर्डाची बॅटरी उतरत आली की आकडे उड्या मारतात, त्यावर. एवढीशीच, पण इतकी नेटकी की मी परत परत वाचली. सोबत एक ओळ. "तुमचा कोड वाचताना कुणीतरी पुष्कळ विचार करून लिहिलंय हे जाणवत राहतं. आभार."

असं कुणी लिहिल्याचं आठवत नाही. लोक बिघडलेलं तेवढं कळवतात.

मराठीत लिहायला बसलं की पंचाईत. इंग्रजीत रेन म्हणजे रेन, काम भागतं. इथे तो की ती हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मी 'तो' धरला.

१० डिसेंबर

ताप. अंगात काही करायची ताकद नाही. यादीवर दोन दिवस काही लिहिलं नाही तर रेनचं वेगळं पत्र आलं. "तुम्ही बऱ्या आहात ना? नेहमी सकाळी उत्तर देता, म्हणून विचारलं." मी सकाळी उत्तर देते हे माझ्याच लक्षात नव्हतं. आई गेल्यापासून इतक्या बारकाईने माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

दुपारी केसर दार वाजवत होती. झोप मोडली. पेज आणली होती, वर सुकटीची चटणी. "ताय, बोल्ली असतीस तर डॉक्टरला बोलावला असता. अशी कशी र्‍हातेस तू?" आत येऊन भांडी घासायला लागली. नको म्हटलं तरी ऐकेना. तिला पाहुण्यांच्या खोल्या बघायच्या असतात, नवरा उरणला ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्याने घरी येतो. हिला कामं कमी आहेत का? ती गेल्यावर रेनला सविस्तर उत्तर लिहिलं. तापाचं, वाडीचं, आईचंही थोडं.

२९ डिसेंबर

गावात गाड्याच गाड्या. केसरच्या सगळ्या खोल्या भरलेल्या. अंगणात पाहुण्यांसाठी पोपटी लावली होती, मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्डीच्या पाल्याचा वास इथवर. ती बोलवायला आली. "यंदा पयलीच पोपटी हाय. ये, बस थोडी माज्याजवळ. त्या लोकांत मला काय बोलायला भेटतंय?" काम आहे म्हटलं. काम होतंच. रेन आणि मी मिळून मोजणीचा भाग नव्याने लिहितो आहोत. तो एक तुकडा करतो, मी तपासते, मी करते, तो तपासतो. मधे मधे इकडचं तिकडचं. त्याच्याकडे म्हणे सारखा पाऊस असतो. मी सुपारीचं सांगितलं, की वादळानंतर लावलेली रोपं आता कुठे माझ्या डोक्यावर गेलीत. त्याने विचारलं, पहिली सुपारी धरेल तेव्हा फोटो पाठवशील?

त्याचा 'यू' मी पूर्वी 'तुम्ही' असा वाचत होते. आज 'तू' वाचला.

१२ जानेवारी २०२५

यादीवर पत्रांचा मारा. तीन वेगवेगळी माणसं, तिघांचं एकच म्हणणं. नवी आवृत्ती कधी? एकटी बाई किती दिवस अडवून ठेवणार? मग तिघांतला एक लिहितो, रेनला अधिकार का देत नाही, सगळं काम तर तोच करतोय.

वाईट वाटलं. रेनने माझी बाजू घेतली. यादीवर सगळ्यांसमोर लिहिलं, की हा प्रकल्प अनुयाचा आहे आणि तिच्या गतीनेच चालेल. नंतर मला वेगळं लिहिलं. "मला अधिकार नकोत. पण काळजी वाटते. गेल्या वर्षी त्या दुसऱ्या प्रकल्पात काय झालं ते तुला माहीतच आहे. थकलेला एकटा माणूस, आणि कुणीतरी त्याच्या थकव्यातून आत शिरलं. सगळ्या चाव्या एकाच हाती असणं बरं नाही."

ते प्रकरण मी तेव्हा वाचलं होतं. लिनक्सवाल्या सगळ्यांनीच वाचलं. रेनचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

१९ जानेवारी

दिली.

भरतीची नवी आवृत्ती माझ्या चावीने सही झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. चावी म्हणजे एक लांबलचक आकडा. ती सही बघूनच जगभरचे बोर्ड नवी आवृत्ती आपली आपण उतरवून घेतात. आज रेनसाठी दुसरी चावी केली. आता त्याची सहीही तेवढीच चालेल.

त्याला खूप संकोच झाला. "तुझी खात्री आहे ना? आणखी थोडं थांबूया का?" मीच आग्रह केला.

नंतर किनाऱ्यावर चालत गेले. किती महिन्यांनी. ओहोटी होती, वाळू लांबवर ओली. कुणीतरी आपल्या वाटचं उचलून घेतलं की खांदे खरंच हलके होतात. केसर वाटेत भेटली, म्हणाली, "आज चेहरा बरा दिसतोय तुजा." काय झालं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिला काय सांगणार?

८ फेब्रुवारी

नवी आवृत्ती बाहेर पडून आठवडा झाला. सगळं रेननेच केलं. चाचणीसाठी भरतीच्या आकड्यांच्या मोठमोठ्या फायली जोडल्यात, नुसते आकडेच आकडे, मी उघडून पाहिल्या आणि मिटल्या. यादी शांत आहे. तक्रार करणारे तिघेही गप्प. समाधान झालं असावं.

साकवावरचा आपला बोर्ड मात्र गप्प पडला. जाऊन पाहिलं तर सिमकार्डातला डेटा संपलेला. महिन्याचा डेटा आठवड्यात. हा बोर्ड दिवसभरात चार ओळी पाठवतो, तेवढ्याने काय संपणार? कंपनीने काहीतरी घोळ घातला असेल. बोर्ली पंचतनला जाऊन रिचार्ज करून आले.

११ फेब्रुवारी

रेनला सहज विचारलं. लगेच उत्तर. नव्या आवृत्तीत बोर्ड घड्याळ जास्त वेळा जुळवतो, खाडीवर रेंज कमी म्हणून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल, पुढच्या आवृत्तीत आवरतो. शेवटी विचारलं होतं, झोप नीट लागते का?

कारण पटलं. एवढा डेटा त्याला लागू नये असं वाटलं, पण घड्याळाचा भाग त्याचा आहे, त्याला जास्त माहीत.

२० फेब्रुवारी

डेटा पुन्हा संपला.

सकाळी घरातला जास्तीचा बोर्ड ओटीवर मांडला, नवी आवृत्ती घातली आणि तो कुणाशी काय बोलतो ते बघत बसले. भरतीला जिथे कळवायचं तिथे चार ओळी गेल्या. आणि सारखं दुसरीकडे. माझ्या ओळखीचा नसलेला पत्ता. बोर्ड त्याला सांगत होता, मी इथे आहे. मग वाट बघत होता. पुन्हा सांगत होता, मी इथे आहे.

घड्याळाचा भाग काढून टाकला. तरी तेच. एकेक भाग काढत गेले. आकड्यांच्या त्या चाचणीच्या फायली काढल्या तेव्हा थांबलं.

त्या आकड्यांत प्रोग्रॅम लपवलेला आहे. आवृत्ती तयार होताना तो हळूच आत जाऊन बसतो. बाहेरून हुकूम आला की पाणी कमी दाखवेल, भोंगा बंद ठेवेल, सांगतील ते करेल. अजून हुकूम आलेला नाही. कुणीतरी नुसतं मोजतंय, किती बोर्ड हाताशी आले.

रेनच्या नावावर कुणी दुसऱ्यानेच हे केलं असेल. त्याची चावी चोरली असेल. त्याला सांगायला हवं. तो घाबरेल.

२१ फेब्रुवारी

सांगितलं. फाईलचं नाव, पत्ता, सगळं. लिहिलं, तुझी चावी कुणाच्या हाती लागली आहे का बघ.

उत्तर यायला वेळ लागला, एरवी लागत नाही.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

कुणालाच नाही, म्हटलं.

"बरं केलंस. अनुया, तू दमली आहेस. जाहीर केलंस तर सगळे विचारतील दुसरी चावी दिली कुणी. आयुष्यभराचं काम एका दिवसात जाईल. मला थोडा वेळ दे, मी गुपचूप काढून टाकतो. कुणाला कळणारही नाही. आपण दोघं बघू."

आपण दोघं. हे शब्द मी कितीदा वाचले ते मलाच माहीत.

त्याने एकदाही विचारलं नाही की हे कसं झालं.

दुपारभर बसून राहिले. त्याचं खरं आहे, माझं नाव जाईल. गप्प बसले तर उद्या सकाळी पुन्हा त्याचं पत्र येईल, झोप लागली का म्हणून. हेही मी मोजलं. हे कुठे लिहू नये, पण ही माझीच वही आहे. कुठल्याशा नदीकाठी भोंगा वाजणार नाही आणि माणसं झोपेत राहतील, हे एका बाजूला, आणि एक पत्र दुसऱ्या बाजूला. आणि पत्राचं पारडं लगेच वर गेलं नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी दुसरी चावी रद्द केली. जुनी आवृत्ती परत बाहेर काढली. मग यादीवर लिहिलं. काय सापडलं, कसं आलं, चावी मी दिली. बोर्ड आतून स्वच्छ झाल्याची खात्री देता येत नाही, तेव्हा प्रत्येक बोर्ड हाताने पुसून पुन्हा भरा. याचा अर्थ कुठल्या कुठल्या देशांत माणसं खांबांवर चढणार, माझ्यामुळे.

पाठवल्यावर रेनला पत्र लिहिलं. एकच प्रश्न. तू खरा आहेस का?

२३ फेब्रुवारी

पत्रांचा पूर. शिव्या आहेत. आभारही आहेत, पण शिव्या जास्त मनात राहतात. रेनचं खातं नाही. पुसून गेलंय, माझा प्रश्न परत आला. म्हणून त्या तिघा तक्रारवाल्यांना लिहायला गेले, तर ती खातीही नाहीत. एकाच दिवशी गेली.

तेव्हा डोक्यात शिरलं. मला दमवणारे तेच आणि सावरणाराही तोच. इतके महिने मी 'तो' लिहीत होते. ते असावेत. एका खोलीत बसलेले चारजण, पाळीपाळीने. कोणीतरी टिपून ठेवलं असेल, ही सकाळी उत्तर देते, आई गेलीय, सुपारीबद्दल विचारा.

ताप आला तेव्हा मी बरी आहे का हे विचारणं त्यांच्यातल्या कुणाच्या वाट्याचं काम होतं?

२६ फेब्रुवारी

दोन दिवस चूल पेटवली नाही. आज केसर सरळ आत आली. माझ्याकडे बघून पदर आवळून खाली बसली.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही."

"मला नको सांगू. मी घरात मयत झाल्याली बाय वळखते."

काय सांगणार? म्हटलं, एकजण होता, रोज लिहायचा. तो नव्हताच.

"फसवलान?"

"हो."

"बाप्या व्हता?"

"तेही माहीत नाही."

तिने पदर सैल केला. मग म्हणाली, "माजा जिता जागता हाय, तरी आठवड्याला फोन करतोय आनि हाय-न्हाय बोलून ठेवतोय. मी कुनाला सांगतेय? कुंपनाशी येते, तर तुजी खिडकी तेवढी उजळलेली. बोटं चालतायत. म्हटलं ही कुनाशी तरी बोलतेय, हिला बरं हाय."

ती इतके महिने कशाला येत होती ते मी कधी विचारलंच नव्हतं. वाटलं, मला द्यायला येते.

साकवावरचा बोर्ड काढायचा होता, शिडी धरायला माणूस हवं होतं. म्हटलं, येतेस? पाहुण्यांच्या खोल्यांना कुलूप लावून आली. ओहोटीला चिखलात शिडी रुतत होती, तिने अंगाचा भार टाकून धरली. वरून बोर्ड तिच्या हातात दिला. उलटासुलटा करून म्हणाली, "एवढ्याशासाठी?" मी म्हटलं हो. दोघीही चिखलाने भरलेल्या. घरी येऊन तिनेच भात टाकला.

५ मार्च

नवी स्वच्छ आवृत्ती तयार आहे. पण बाहेर काढता येत नाही. नियम मीच बदलला. यापुढे प्रत्येक आवृत्तीवर दोघांच्या सह्या, दोघांनी ओळ न् ओळ वाचलेली. दुसरं कोणी नाही. मदत करतो म्हणणारी काही पत्रं आलीत. गोड भाषेत लिहिलेली. प्रत्येक गोड वाक्याशी मी थांबते आणि बंद करते. कदाचित त्यांत चांगली माणसं असतील. मला आता ओळखता येत नाही, आणि हे नुकसान कुठल्या जुन्या आवृत्तीने भरून येणार नाही.

दुपारी अनोळखी नंबर. "अनुया मॅडम का? मी पूनम बोलतेय." घाटावरच्या एका धरणाखालच्या गावांचे भोंगे हिच्याकडे आहेत. इंजिनिअर. मागे लहान मूल रडत होतं.

"खरं सांगू? मी तुम्हाला ओरडायला फोन केलाय. आमची माणसं उन्हात प्रत्येक खांबावर चढलीत. मी स्वतः चढलेय."

"ओरडा," मी म्हटलं.

ती ओरडली. बऱ्यापैकी. मी ऐकून घेतलं. मग दम लागला असावा. म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर पावसाळ्यात कळलं असतं. म्हणजे कळलंच नसतं." मूल आणखी जोरात रडायला लागलं. "थांबा, हिला घेते." बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज. मी फोन ठेवला नाही.

परत आल्यावर विचारलं, नवी आवृत्ती कधी? दोन सह्यांचं सांगितलं.

"मग माझी सही घ्या की."

"तुम्हाला कोड वाचता येतो?"

"कॉलेजात शिकलेलं. फार नाही येत. पण जिथे कळणार नाही तिथे कळलं नाही म्हणेन. सही आंधळेपणाने नाही करणार."

म्हटलं, आधी मी तिकडे येईन. तुम्हाला आणि ते धरण बघायला. मग चावी.

"या. पण ऊन फार आहे," म्हणाली.

१६ मार्च

कालच घाटावरून परत आले. पूनम सावळी, बुटकी, भरभर बोलणारी. मुलीला कडेवर घेऊन तिने मला एकेक भोंगा दाखवला. चावी मी हातात दिली, कागदावर लिहून, तिच्या जेवणाच्या टेबलावर. तिने ती आधी वरणाच्या डागापासून बाजूला सरकवली. गावं धरणाच्या इतकी खाली आहेत हे नकाशात दिसत नाही.

आज सकाळी तिचं पहिलं पत्र. ना नमस्कार, ना काही. मोजणीच्या भागातली एक ओळ उतरवून खाली लिहिलंय, "हे कशासाठी? कळलं नाही."

ती ओळ मीच लिहिलेली, सुरुवातीच्या दिवसांतली. रेन तिच्यावरून कितीदा गेला असेल, पण असं कधी विचारलं नाही. मी उत्तर लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की ती कशासाठी होती हे मलाही आता नीट सांगता येत नाही. तसंच कळवलं. दोघी मिळून शोधायचं ठरलंय.